लेटिसने सांगितलेलं नाव

बर्नली, १२ मार्च १९२९

प्रिय अँब्रोज,

आज दुपारी लेटिसला पुरलं. प्रार्थना लवकर आटोपली. पाऊस नव्हता, वारा मात्र फार होता. तुझी तार मिळाली. कॅनडाहून वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं, मनाला लावून घेऊ नकोस. मुलं बरी असतील.

शेवटी तिला फारसा त्रास झाला नाही.

प्रार्थनामंदिराच्या दाराशी चार अनोळखी बायका आल्या. वयस्कच, कोटावर मताच्या चळवळीच्या जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या फिती. त्यांतली जाडजूड मिसेस बर्टविसल माझा हात धरून म्हणाली, "मिरियमला निरोप द्यायला आलोय बाई. तू कोण तिची?"

"मिरियम मीच," मी म्हटलं.

"अगं, ही काय थट्टेची जागा? मिरियम त्या पेटीत आहे."

घरी चहाला बसल्यावर उलगडा झाला. बायकांच्या मताच्या चळवळीत लेटिस एकदा तुरुंगात गेली, ते तुला ठाऊक आहे. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दुसऱ्यांदा गेली, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुन्हा खऱ्या नावाने सापडली असती तर शिक्षा वाढली असती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा दुसरं नाव सांगत. १९१२ साली लंडनला दुकानाच्या काचा फोडताना पकडली, तेव्हा तिने माझं सांगितलं.

"मी विचारलं ना तिला, बहिणीचंच का गं?" त्यांतली दुसरी एक म्हणाली. "तर म्हणते, आमच्या मिरियमने जन्मात कुणाचं काही मोडलेलं नाही. पोलिसांनी कितीही उकरलं तरी हाती काही लागायचं नाही!"

सगळ्या हसल्या. मग एकेक सांगू लागल्या. तिने अन्न सोडलं. तुरुंगातल्या चार पहारेकरणी तिला दाबून धरत आणि डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात अन्न ओते. या बायका तुरुंगाबाहेर रस्त्यावर उभ्या राहून माझं नाव घेऊन गात. पेपरातही तेच नाव छापून आलं होतं. "काय बाई होती मिरियम!" मी चहा ओतत होते. कप भरून वाहायला लागला तेव्हा कुणीतरी माझ्या हातातून किटली काढून घेतली.

अँब्रोज, त्याच उन्हाळ्यात शाळेने मला शिक्षिकेच्या नोकरीवरून काढलं. का ते तुला कळवलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "ते तुम्ही आम्हाला सांगायचं, मिस हॅलिवेल." लेटिस तेव्हा नुकतीच लंडनहून आली होती, काटकीसारखी होऊन. फुप्फुसाला सूज आली, म्हणाली. मी तिला चमच्याने सूप भरवत होते. भरवता भरवता शाळेचं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, ग्लानी आली.

त्यानंतर सतरा वर्षं आम्ही दोघी रोज एकाच टेबलावर जेवलो. तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

कबरीच्या दगडावर लेटिसच्या नावाखाली 'मिरियम' असंही कोरावं, असं त्या बायकांचं म्हणणं. त्या नावानेच तिने सगळं सोसलं, म्हणाल्या. माझी परवानगी हवी होती.

घर लेटिसच्या नावावर, म्हणून आजवर मत तिलाच होतं. नव्या कायद्याने मे महिन्यातल्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत देणार आहे.

"तिचंच नाव घाला," मी म्हटलं. "माझं मला लागेल."

मिसेस बर्टविसलचा चेहरा उतरला. "बरं बाई. नाव तुझंच." जाताना ती मिठी मारायला पुढे आली. मी हात पुढे केला.

अजून रडू आलेलं नाही.

इतक्या जणांच्या बुटांनी दाराची पायरी चिखलाने भरली आहे. उजेड आहे तोवर घासून घेते.

तुझी बहीण,
मिरियम हॅलिवेल