बटणाच्या फटीतला निळा रंग

आई,

तुमच्या फोनच्या आवाजाच्या बटणाच्या फटीत भिंतीचा निळा रंग होता. जमिनीवर पडलेल्या फोनला भिंतीचा रंग लागत नाही. "हातातून निसटला गं," म्हणालात, तेव्हा मी फोन दुरुस्तीला मागून घेतला.

बटण आत रुतल्यामुळे फोन सुरू होताना कंपनीच्या नावावरच अडकत होता. सुईने रंग काढलाय. पुन्हा अडकला तर बटण नखाने वर उचला.

"मूल झालं की सुधारेल तो," तुमच्या लेकाबद्दल म्हणायचात. आजवर तो वस्तू माझ्यावरच फेकायचा.

चिठ्ठी तुमच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतेय, तिथे तो बघत नाही. छोटीला शाळेतून परस्पर माहेरी नेते. तिथे तुमचंही अंथरूण घालायला सांगितलंय. फोन करा, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत न्यायला येईन. या घरात मात्र मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.