लोकरीची लडी

बाई, तुम्ही कधीच गेलात, हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, ये तो पगला गई. मी विजय नगरच्या एका मोठ्या शाळेत आया आहे. दुसरीच्या वर्गाबाहेर माझं स्टूल. त्या वर्गात एक पोरगी आहे, म्हणजे होती. कोणाला पेन्सिल टोचायची, कोणाचा डबा फेकायची, मिसनी शिकवायला सुरुवात केली की बेंच बडवायची. मिस रोज तिला बाहेर काढायची, "मौसी, संभालो इसको." संभालो काय, पोर आहे की थैली. बड्या मॅडमनी तिच्या घरी सांगून टाकलं होतं, आता एक जरी तक्रार आली तर शाळेतून नाव कापू.

तेव्हा तुम्ही आठवलात. तिसरीत, तुमच्या वर्गात, मी अशीच होते. पाढे चालू असताना मी शेजारणीची वेणी ओढली, तुम्ही मला खुर्चीजवळ बोलावलंत. "हात पुढे कर." छडी पडणार म्हणून मी डोळे मिटते, आणि तुम्ही माझ्या दोन्ही हातांवर लोकरीची लडी चढवता. "खाली नाही करायचे. गुंता झाला तर तूच सोडवशील." तुम्ही गोळा गुंडाळताय, वर्ग पाढे म्हणतोय, लोकर या हातावरून त्या हातावर सरकतेय, आणि मी गप. सगळे पाढे मला तिथे उभ्या उभ्या आले. पुढच्या वर्षी शाळाच सुटली, ते वेगळं.

मी राजवाड्याकडच्या बाजारातून लाल लडी आणली. पोरगी म्हणाली, "ये क्या नाटक है?" मी म्हटलं, हात पुढे कर, बडबड नको. तिनी केले. आत मिस कविता म्हणवून घेत होती, ही बाहेर हात पसरून तीच कविता पुटपुटत होती. मध्येच म्हणाली, "मौसी, किसका स्वेटर?" मी म्हटलं, तेरा ही. नंतर कितीतरी दिवस रोज थोडी थोडी लोकर गुंडाळली, तक्रार नाही. मग मॅडमनी ऑफिसातल्या टीव्हीवर पाहिलं. कॅमेऱ्यात लोकर सरकताना दिसत नाही, हात बांधलेले दिसतात. "आपने बच्ची के हाथ बांधे?" मी सांगितलं, माझ्या बाई असंच करायच्या. म्हणाल्या, "वो जमाना गया." पोरगी दारातून ओरडली, "बांधे नहीं थे, मैंने पकड़ी थी." तिचं कोण ऐकतं. मला गेटवर बसवलं. तिनी त्याच आठवड्यात एकीच्या डोक्यात बाटली मारली, झालं, नाव कापलं. बाप गाडीवर न्यायला आला. गेटपाशी मान वळवून तिनी विचारलं, "मेरा स्वेटर?" मी म्हटलं, बन रहा है.

अर्धा गोळा, अर्धी लडी पिशवीत तशीच पडली आहे. मला विणता येत नाही, बाई. तुम्ही हात धरायला लावलेत, सुया कधी दिल्या नाहीत. तिला मी हे सांगितलं नव्हतं.