माझी ओढणी ग्रीसला जाऊन आली

१४ सप्टेंबर, रविवार, स्वोर्ड्स, आयर्लंड

माझी मैत्रीण केतकी ग्रीसहून परत आली. ते बेट मी शोधलं होतं. हॉटेल नाही, छत्र्या नाहीत, नुसता वारा, असा तो किनारा मीच तिला दाखवला. दोघी जाणार होतो. पण माझ्या भारतीय पासपोर्टला व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळेना, आणि तिचा आता आयरिश. गेली नवऱ्याला घेऊन. वर माझी निळी ओढणी मागून नेली.

आज फोटो दाखवताना म्हणते, "काही नाही गं तिथे, साधा चहा मिळत नाही." फोटोत माझी ओढणी नुसती फडफडतेय. मी म्हटलं, "ग्रँड!" म्हणजे इथल्या भाषेत नुसतं 'बरं बरं'. मला एवढं का लागावं?

ओढणी धुऊन, इस्त्री करून दिलीन. ती गेल्यावर बाल्कनीत जोरजोरात झटकली. एक कण पडेल तर शपथ! निदान वाळू तरी ठेवायची मेलीने.