पेशींच्या मोजणीचा कागद

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. धाकटीची परीक्षा संपली, दवाखान्याला रंग देऊन झाला. हे पत्र तुला वहिनीच वाचून दाखवणार, हे ठाऊक असूनही लिहितोय. फोन तीनदा लावला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवला.

आधी डोळ्याचं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला आतून पेशींचा एक थर असतो. तो पडद्यातलं पाणी उपसत राहतो. तुझा थर थकलाय, म्हणून पडदा सुजतो, फोड येतात, आणि फुटले की डोळ्यात काच फिरल्यासारखं होतं. आता थेंबांनी भागणार नाही. बाळाच्या वारेचं पातळ आवरण वरून शिवलं तर ठणका थांबेल, पण नजर येणार नाही. किंवा नेत्रदानातून मिळालेला आतला थर बसवायचा. तो हवेच्या बुडबुड्याने चिकटतो, म्हणून दोन दिवस उताणं पडून राहावं लागतं. उशीर होऊन डाग धरला, तर अख्खा पडदा बदलावा लागेल.

तू थर बसवून घे. माझ्याकडे नको. सोबतच्या चिठ्ठीत ज्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे.

का, ते सांगतो. मी तुझा मोतीबिंदू काढल्यावर नजर धूसरच राहिली, तेव्हा मी म्हणालो होतो, "वयामुळे होतं असं." खोटं होतं ते. त्या थरातल्या पेशी कमी असल्याचा मोजणीचा कागद ऑपरेशनच्या आधीच माझ्या टेबलावर होता; अशा डोळ्यात मोतीबिंदू काढताना उरलेल्या पेशीही मरू शकतात, हे मला ठाऊक होतं. तुला सांगायला हवं होतं, मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. पण "माझा डोळा माझा भाऊ करणार" असं तू पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला होतास, आणि मला ते ऐकायला फार आवडत होतं.

माफी मागायला तोंड नाही.

तुझा,
धाकटा


२१ मार्च

धाकट्या,

सांगतोय मी, लिहितेय तुझी वहिनी. कागदाचा मजकूर आला तिथे ती वाचायची थांबली. मी म्हटलं, "वाच पुढे."

बाईंकडे जाऊन आलो. गुरुवारी थर बसवतील. दोन दिवस छताकडे बघत पडायचं, थेंब वेळच्या वेळी. ते तू येऊन घालायचेस. भांडण उठून बसल्यावर. पडल्या पडल्या मला नीट भांडता येत नाही.

दादा

इथून पुढचं माझं. आठ महिने रोज सकाळी पापणी उघडताना हे कळवळायचे आणि मला बजावायचे, "किती दुखतं ते त्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल." ये. जेवायला वाढीन. बोलेन, असं मात्र नाही.

वहिनी