गोठ्यातली नऊ गाणी

माझी तक्रार आधी लिहिते, नमस्कार मागनं. माझा मुलगा हंबीरराव यानं माझ्या नातीची गाणी लोखंडी कपाटात कोंडली आहेत आणि किल्ली करगोट्याला बांधली आहे. दोन वर्षं झाली. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाच्या कमरेला हात घालून किल्ली ओढावी काय? तो झोपल्यावर ओढून बघितली. सुटली नाही.

आता कायद्याचं. मी, चिमणाबाई गणपतराव वरुटे, वय ८१, धंदा पूर्वी म्हशींचा, सध्या काही नाही, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी धाक घातला नसताना, कुणी गोड बोललं नसताना हे मृत्युपत्र लिहिते. गोड बोलणारी एकच होती, ती गेली. वकिलांनी टाईप करून आणलेला कागद मी परत पाठवला. कागद चांगला होता, पण त्यात मी कुठं सापडेना. माझी तिसरी झाली आहे. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण कोंबडी मीच. दाखला देणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "आज्जी, आज वार कुठला?" मी म्हटलं, "बुधवार. तू तुझ्या आईला फोन कुठल्या वारी केलतास?" त्यानं सही केली. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हंबीररावाला. वकील म्हणाले, "आज्जी, अट घाला. गाणी दिली तरच घर." दोन दिवस विचार केला. नाही घालत. धाकानं सोडलेली वस्तू सोडलेली नसते. आणि मुलाला रस्त्यावर काढून मी वरनं बघत बसू काय? घर त्याचं, बिनअट. माझ्या हातात तेवढी एकच काठी होती, ती मी खाली ठेवली, याची नोंद असावी.

२. बोरमाळ, चार पाटल्या आणि बँकेच्या पुस्तकात असेल ते सूनबाईला. पोरगी गेल्यावर "तुम्हीच लाडावली" असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

३. घरामागचा गोठा पत्र्यासकट पृथ्वीराजला. हा कोण, ते सांगते.

या गोठ्यात आठ म्हशी होत्या. नवरा गेल्यावर रोज संध्याकाळी म्हशी गंगावेशीत न्यायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, हे मी एकटीनं केलं. गुडघे गेले तेव्हा म्हशी विकल्या. शेण निघालं आणि नात शिरली. निशिगंधा, हंबीररावाची एकुलती एक. नाव फुलाचं, गळा रेड्याचा. तिनं दोन जोडीदार आणले. एक आमच्याच गल्लीतली अनुजा, जाड तारांची गिटार वाजवणारी. दुसरा इचलकरंजीचा पृथ्वीराज. तो यंत्रमागावर पाळी करतो आणि सुट्टीला ड्रम बडवतो. बँडचं नाव ठेवलं रेडा.

मी म्हटलं, "अगं, म्हशी हुत्या तवा रेडा लागला न्हाय, आता कशाला?"

"आता हाकायला तू मोकळी हाईस की, आज्जे."

पहिल्या दिवशी मला वाटलं पत्रा कोसळला. पृथ्वीराज म्हणाला, याला हार्ड रॉक म्हणतात. "शेडमधी सगळं माग एकदम सुरू झाल्यावर छातीत कसं हुतं, तसं हाय बघा, आज्जी." चार दिवसांनी मला कळलं, पोरगी नवीन काही करत नव्हती. आठ म्हशींच्या हंबरण्यावरनं आपला आवाज पलीकडं पोचवायचा, हेच मी जन्मभर केलं.

शेजारीपाजारी भांडायला आले तेव्हा मी माझ्या अंगावर घ्यायच्या सात वाकळा काढून दिल्या. जोतीराम सुतारानं त्या भिंतींना ठोकल्या. आवाज आतच मुरायला लागला. त्या वाकळांत माझ्या सासूची, आईची आणि माझी लुगडी आहेत. तीन बायकांच्या लुगड्यांच्या आत ही पोरं वर्षभर वरडत होती. नऊ गाणी करायची, सुटी सुटी नाही, सगळी मिळून एक अल्बम काढायचा, असं ठरलेलं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला मी म्हैस हाकते. समोर म्हैस नसताना माझ्याकडनं अकरा वेळा हाकून घेतलं. "आज्जे, अजून एकदा. राग कमी पडला."

वाकळा गोठ्याबरोबर जातील. शाहूवाडीची माझी नणंद तानाबाई आपल्या आईच्या लुगड्याची वाकळ मागते, तिला ती मिळणार नाही. सुतकात येऊन "पोरीनं वरडून वरडून मरण बोलावलं" असं ती बोलली. तिला माझी काठी द्यावी. इथवर चालत येऊन तोंड चालवायला उपयोगी पडेल.

४. आता जी वस्तू माझी नाही, तिच्याबद्दल.

आठ गाणी झाली होती. नववं चालू होतं, दार लावून, रेकॉर्डिंगचं यंत्र चालू ठेवून. हंबीररावाला त्या दिवशी कामावर कुणीतरी टोमणा मारला होता, "तुमच्या पोरीचं किंचाळणं मोबाईलवर बघितलं." तो तसाच आला आणि गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर लाथ घालून वरडला, "बंद कर! म्हशी परवडल्या तुझ्यापरास!" ती थांबली. शांतपणानं म्हणाली, "पप्पा, एकच राहिलंय. उद्या करतो आणि संपवतो." दुसऱ्या दिवशी ताप भरला. डेंगी. सहाव्या दिवशी संपली. सत्तावीस वर्षांची होती.

यंत्र चालू होतं, म्हणून ती लाथ, ते वरडणं आणि पोरीचं उत्तर, सगळं गाण्यांबरोबर यंत्राला जोडलेल्या हाताएवढ्या काळ्या डबीत आहे. हंबीररावानं डबी कपाटात घातली ती यासाठी. बाकी कारणं तो लोकांना सांगतो.

दहाव्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे देवळाच्या शिखरावर बसून होते, खाली येईनात. सूनबाई म्हणाली, तुझी पुस्तकं जपून ठेवीन. हंबीरराव म्हणाला, तुझी गाडी विकणार न्हाय. एकही हलेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, "निशे, तुझी गाणी भाईर काढतो. नवूच्या नऊ." लगेच शिवला. मी भाबडी नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण शब्द तोंडातनं गेला, आणि तो जाताना हंबीरराव माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. त्यानं ऐकला.

पृथ्वीराज तीनदा घरी आला. ज्या पोरानं आमच्या ताटात वर्षभर भाकरी खाल्ली त्याला हंबीरराव म्हणाला, "पावणं, च्या घ्या आणि चला." पोरगं म्हणालं, "काका, तुमचा आवाज काढून टाकता येतो. नववं अर्धंच ठेवतो, जिथं ती थांबली तिथवर." हंबीरराव उठून आत गेला. मी ओरडले, रडले नाही, उपास धरला. मला साखर आहे, म्हणून उपास सूनबाईनं मोडला. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "ती गाणी तुमच्या मालकीची नाहीत, आज्जी. लग्न न झालेल्या मुलीचं जे असतं ते आईबापाचं. मृत्युपत्रात घालता येत नाही." मी विचारलं, "मग शब्द तर माझा हाय?" ते हसले. शब्द मालमत्तेत धरत नाहीत म्हणे.

गेल्या दसऱ्याला दुपारी मी सोनं द्यायला त्याला शोधत गोठ्यात गेले. तो वाकळेकडं तोंड करून बसला होता, कानांवर तिचं गाणी ऐकायचं टोपरं, समोर ती काळी डबी. त्याला मी दिसले नाही. त्याचे ओठ हलत होते. बंद कर, बंद कर, एवढंच. आपट्याचं पान तिथंच ठेवून मी मागं फिरले. त्या दिवसापासून किल्ली ओढायची सोडली. त्या माणसाला मी काय करू? लहान असताना लाटण्यानं मारलं असतं.

हंबीरराव, हे तुला वाचून दाखवतील म्हणून लिहिते. पोरीवर बाप वरडतोच. मी तुझ्यावर काय कमी वरडले? तू जगलास, एवढाच फरक. तुझं वरडणं ठेव किंवा काढ, मला त्याचं काही नाही. तिचं सोड.

५. वकील धरोत न धरोत, घाटावर दिलेला माझा शब्द मी माझ्यामागं हंबीररावाच्या नावे करते. दुसऱ्या कुणाला तो वाटून घेता येणार नाही.

सही: चिमणाबाई गणपतराव वरुटे

साक्षीदार: जोतीराम सुतार, वाकळा ठोकणारे. अनुजा पोवार. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून अनुजाला काही ठेवलेलं नाही. तिला राग नाही, विचारून घेतलं.

शिवाजी पेठ, कोल्हापूर. १९ नोव्हेंबर २०२५.

सहीच्या खाली लिहिलेलं चालत नाही म्हणतात. कोर्टात न चालू दे, घाटावर चालतं. माझ्या दहाव्याला कावळा शिवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. दर्भाचा करायचा नाही. सूनबाईनं काही कबूल करायचं नाही. पृथ्वीराज आणि अनुजानं तोंड उघडायचं नाही, तानाबाईनं तर नाहीच. ऊन चढू दे, भटजींना दुसरीकडं जायचं असलं तर जाऊ दे. हंबीररावानं पुढं व्हायचं आणि गाण्यांचा शब्द त्यानंच द्यायचा, गोठ्याच्या दारात वरडला होता तेवढ्याच मोठ्यानं.