दोन्ही ओळी राखाडी

३ मार्च, सकाळी
आजपासून शिस्त: कामाची नोंद या वहीत. रक्तपेढीचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. फ्रीज तापला की अलार्म वाजवणारी फाइल माझीच. हल्ली स्क्रीनवर अक्षरं पुसट येतात. स्क्रीन जुनी झालीय. बायको म्हणते, डोळे दाखवा. म्हटलं, हे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ढापण्याला सांग. माझी नजर घारीची आहे.

५ मार्च
नवं टूल टाकलं. कॉम्प्युटरला एक कमांड दिली की फाइल रंगीत उघडते. चालू ओळी हिरव्या, आकडे जांभळे, बंद केलेल्या ओळी राखाडी. आता चूक निसटणं अशक्य.

६ मार्च
दिवसभर रंगसंगती निवडली. चोवीस आहेत. हेही कामच. ढापण्याने विचारलं, फाइल कधी वाचणार? जळतो.

९ मार्च, दुपारी ३
अलार्मची मर्यादा सहा अंशांवरून पाचवर आणली. नवी ओळ लिहिली, जुन्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकून ती बंद केली. वर तारखेसकट टीप. टूलमध्ये उघडून पाहिली. रंग झकास. तपासणी पूर्ण.

१२ मार्च
घोळ. सकाळी फ्रीज बंद पडला, अलार्म वाजलाच नाही. रक्ताच्या चाळीस पिशव्या फेकाव्या लागल्या. एका बाळंतिणीसाठी दुसऱ्या पेढीतून रक्त येईपर्यंत दोन तास गेले. वाचली. लॅबवाल्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या रिकाम्या फ्रीजकडे बघत उभ्या होत्या.
परवा ढापण्या सर्व्हरपाशी बसला होता. तेवढंच साहेबांच्या कानावर घातलं. आरोप नाही, माहिती.

१३ मार्च
मीटिंग. मोठ्या पडद्यावर फाइल मीच उघडली, ऐटीत. म्हटलं, ही बघा, जुनी ओळ बंद, नवी चालू. मग लॅबवाल्या बाई हळूच म्हणाल्या, अहो, दोन्ही राखाडी आहेत.
पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे गेलो. दोन्ही ओळींपुढे हॅश, म्हणजे दोन्ही बंद. वर माझी टीप, ९ मार्च.
म्हटलं, प्रोजेक्टर खराब आहे. कुणी हसलंसुद्धा नाही. साहेबांनी माझा पासवर्ड बंद केला. बाहेर ढापण्याने विचारलं, कधीपासून दिसत नाहीये? मी बाथरूममध्ये गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

१६ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा पिकलेला. त्रास कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर. बायको म्हणाली, दीड वर्ष.

१६ मार्च, संध्याकाळी
ढापण्याची चूक नव्हती, असं साहेबांना कळवायचंय. ऑपरेशन झाल्यावर नीट, सविस्तर लिहिणार होतो. बायको म्हणाली, आत्ताच. तुम्ही सांगा, मी टाइप करते.
ती कधीची कीबोर्डवर बोटं ठेवून बसलीय. मी तिला म्हटलं, थांब, आधी जरा मुद्दे काढतो, आणि ही वही उघडली.