जर्मनीतला ओतारी

अण्णा,

तुम्हाला एक शब्द सांगायचाय. कानेनगीसर. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते पोटाच्या औषधाचं नाव वाटलं होतं. पण ते आडनाव आहे, आणि तेही आपल्याच घरातल्या माणसाचं. माझी लेक, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, तिचा नवरा जर्मन आहे. इथे सिंगापुरात, वन-नॉर्थला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, आमटी-भात हातानं जेवतो आणि जेवण झालं की न सांगता आपलं ताट विसळतो. तुम्ही पहिल्यांदा त्याला नखशिखांत न्याहाळलं असतंत आणि मग मला बाजूला घेऊन, म्हणजे तुमच्या मते हळू आवाजात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं असतंत, "घराणं काय करतं रे यांचं?" तर त्याचं उत्तर त्याच्या आडनावातच आहे. काने म्हणजे चंबू, गीसर म्हणजे ओतणारा. कथील वितळवून, साच्यात ओतून चंबू, सुरया, ताटल्या करणारे ते लोक. मी उत्साहाच्या भरात हिला म्हणालो, "अगं, आपल्यातलेच निघाले, जर्मनीतले तांबट!" आणि म्हणता म्हणताच मला तुमचा कपाळावर हात मारलेला चेहरा दिसला. तांबट पत्रा ठोकतो, ओततो तो ओतारी. आळीत कुणी ही गल्लत केली तर तुम्ही हातातला हातोडा खाली ठेवून त्याची शिकवणी घ्यायचात. तेव्हा दुरुस्ती करतो. जर्मनीतला ओतारी.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे लेकीला दिवस गेलेत, आणि बाळाचं आडनाव काय लावायचं यावर आमच्या घरात गेले काही आठवडे खल चाललाय. इथे आईचं लावा नाहीतर बापाचं, दोन्ही चालतं. लेकीनं लग्नानंतर आपलंच आडनाव ठेवलंय, म्हणून मला उगाचच आशा होती. मी ती बोलून दाखवली नव्हती, पण होती.

नावांचा नाद मला नोकरीनं लावला. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी बसतो आणि दिवसभर लोकांची नावं जुळवतो. पासपोर्टवरचा हा आणि वीजबिलावरचा तो एकच माणूस आहे की दोन, एवढंच माझं काम. चिनी नावं, तमीळ नावं, मलय नावं, सगळ्यांची चाल मला आता कळते. त्यामुळे जावयाच्या नावाच्या मी हात धुऊन मागे लागलो. जर्मनीत जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवरून आडनावांचे नकाशे केलेत. नाव घाला की ते ज्या जिल्ह्यांत सापडतं ते जिल्हे रंगतात. चक्कीवाला, लोहार, शिंपी यांची नावं घातली की अख्खा देश रंगून निघतो. कानेनगीसर घातलं तर इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, बाकी सगळं कोरं. तेच नाव जरा वेगळ्या तऱ्हेनं लिहिणारे त्यांचे भाऊबंद धरले तरी फार काही भर पडत नाही.

असं का, हे कोडं मी एका रविवारी जेवताना घातलं. जावई म्हणाला, कदाचित पोरं कमी झाली असतील. लेक म्हणाली, "बाबा, कॅन वुई जस्ट ईट, लाह." पण मला कारण सापडलं होतं, आणि ते मला आपल्या आळीमुळं सापडलं. पीठ प्रत्येक गावाला लागतं, घोड्याला नाल प्रत्येक गावात लागतो. गाव तिथे चक्की, गाव तिथे लोहार, म्हणून त्यांची आडनावं उदंड. पण कथलाचा चंबू कोण घेणार? शहरातला पैसेवाला. म्हणजे ओतारी शहरात, आणि शहरातही मोजकी घरं. आपल्याकडे बघा, पाटील आणि कुलकर्णी गावोगाव, आणि तांबट? चार पेठा ओलांडल्या की तांबट संपले. नाव दुर्मीळ होतं ते माणसं मेली म्हणून नव्हे, ती मुळातच थोडी होती म्हणून. हे मी इतक्या जोरात सांगितलं की ही म्हणाली, "सासरे बोलताहेत असं वाटलं."

जावई मात्र हसायला लागला. त्यांच्या भाषेत या आडनावावरून एक क्रियापदही आहे म्हणे. त्याचा अर्थ, कशाची काही माहिती नसताना राजकारणावर मोठमोठ्यानं गप्पा छाटणे. अण्णा, मी जेवता जेवता ठसक्यानं बेजार झालो. हंडा मठारता मठारता, ठोक्यांनी कान गेलेले असताना, समोरच्या दुकानातल्या माणसाला तुम्ही दिल्लीत काय व्हायला पाहिजे ते ओरडून सांगताय आणि तोही बहिरा असल्यानं तिसरंच काही ओरडून उत्तर देतोय, हे मी लहानपणी रोज पाहिलंय. म्हणजे हा भांडी करणाऱ्यांचा जगभरचाच रोग असावा. मी ते सगळं आवाजासकट करून दाखवलं. लेक हसत हसत ऐकत होती, आणि मग तिनं एकदम विचारलं, "पण मग आपण तांबट, तर आपलं आडनाव तांबट का नाही?"

मी सांगितलं, होतं. माझं नाव शाळेत घालायच्या आधी अण्णांनी ते बदललं आणि एका गावाचं नाव लावलं.

"कुठलं गाव? आपण तिथे राहायचो?"

"नाही."

"मग आजोबा तिथे जायचे?"

"नाही गं. त्यांचे आजोबा का पणजोबा तिथून आले, असं ऐकलंय. आम्ही कुणी कधी पाहिलेलं नाही."

"सो ही वॉज अशेम्ड?" तिनं काही टोचून विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आजोबांना लाज वाटायची का, बाबा? कारण त्याच्या नावात निदान कुणीतरी काहीतरी बनवलंय. आपलं म्हणजे नुसता पत्ता आहे, आणि तोही जुना."

मला वाईट वाटलं, अण्णा, आणि रागही आला, पण कुणावर ते ठरवता येईना. तुम्ही माझ्याशी त्याबद्दल एकच वाक्य बोलला होतात, माझ्या शर्टाची बटणं लावता लावता: "हे नाव तुला पुढं बरं पडेल." बरं पडलंही असेल. कचेरीत, बँकेत, विमानतळावर कुणी मला कधी अडवलं नाही. पण लाज वाटत होती म्हणावं तर तुम्ही धंदा कुठे सोडलात? नाव बदलून आलात त्या दिवशीही दुपारी बैठकीवर बसून ठोकतच होतात. आपल्याकडे काम राहिलं आणि नाव गेलं. जावयाकडे उलटं. त्याच्या घरात कितीतरी पिढ्या कुणी गुंजभर कथील वितळवलेलं नाही, पण नाव शाबूत आहे. यातलं शहाणपणाचं कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग जावई उठून पाणी प्यायला गेला, मीही त्याच्या मागोमाग. आमच्या आंग मो किओच्या स्वयंपाकघरात, फिल्टरशेजारी, तुम्ही दिलेला तांब्या असतो. मी पहिल्यांदा इकडे यायला निघालो तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवलात तो. दुकानात विकत घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर बारीक छिन्नीनं टिंब टिंब करून तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव घालून द्यायचात, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या बारशाचं, आणि हा मात्र कोरा. मी विचारलं तर म्हणालात, "ज्याचा होईल त्याचं नाव घाल." तो कुणाचा व्हायचा हे ठरत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तो कोराच राहिला. जावयानं तो उचलला, त्यावरच्या मठारकामाच्या ठोक्यांवरून अंगठा फिरवला आणि मग एक गंमतच केली. त्यानं तो उलटा करून बूड पाहिलं.

"काय बघतोस?" मी विचारलं.

तो इंग्रजीत म्हणाला, "खूण. आमच्या घरी एक जुना चंबू आहे, त्याच्या बुडावर ठसा आहे. एक गावाचा, एक करणाऱ्याचा. ठसा घालावाच लागायचा. कथलात जास्त शिसं मिसळलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून." त्यानं तांब्या पुन्हा उजेडात धरला. "हा कुणी केला?"

"माझ्या वडिलांनी."

"पण यावर तसं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. त्यानं नवल वाटून म्हटलं होतं, तक्रार म्हणून नव्हे.

तेव्हा मला ती दुपार आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा आहे. तुम्ही जेवायला घरात गेलात, आणि मी तुमची छिन्नी घेऊन नव्या कळशीच्या गळ्यावर तुमचं नाव घातलंय. अक्षरं एकमेकांवर पडलीत, पण मी खूश आहे, तुम्ही खूश व्हाल म्हणून. तुम्ही येता, कळशी फिरवून बघता. मारत नाही. पण जे बोलता ते मारण्यापेक्षा लागतं. "भांड्यावर नाव असतं ते घेणाऱ्याचं. आपण केलंय हे भांड्याला माहीत आहे, तेवढं बस." मग तुम्ही ती जागा ठोकत बसता, टिंबं पुसेपर्यंत. अण्णा, तिथले ओतारी पकडले जावेत म्हणून नाव घालत, आणि तुम्हाला कुणी शोधू नये असं वाटत होतं का? की तुमच्या कामात शिसं नव्हतंच, म्हणून नावाची गरज नव्हती? हे मला खरोखर विचारायचंय. तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

आडनावाचा निकाल परवा लागला. बाळ कानेनगीसरच होणार. लेक मला नीट समजावून सांगत होती, माझा हात हातात घेऊन: त्यांच्या घरात हे नाव लावणारा तो शेवटचाच, आणि तसंही ते नाव थोडक्याच ठिकाणी उरलंय. मी म्हटलं, बरोबर आहे. थोडक्याच ठिकाणी का आहे ते मीच नव्हतं का सांगितलं? माझ्याच नकाशांनी माझा पत्ता कापला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गावाचं नाव गेलं याचं फारसं वाटलं नाही. त्याच्या आधीचं तुमचं खरं नाव कुठेच राहिलं नाही याचं वाटलं.

मुलगी आहे असं डॉक्टर सांगून बसलेत, नावही ठरलंय. म्हणजे तांब्या कुणाचा ते ठरलं. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना मी खाली फरशीवर टॉवेल पसरला, तांब्या मांड्यांत धरला आणि तुमच्यासारखं बसायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही, मग स्टुलावर बसलो. बारीक छिन्नीनं टिंब टिंब ठोकत गळ्यावर तिचं नाव घातलं. नुसतं नाव, आडनाव नाही. थोड्याच वेळात दारावर टकटक. खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा. "अंकल, रिनोव्हेशन आह? माय वाइफ स्लीपिंग लेह." मी त्यांना तांब्या दाखवला, ग्रॅंडडॉटर म्हणालो. त्यांनी चष्मा वर करून तो निरखला, मान हलवली आणि म्हणाले, "ओके, बट क्विकली, कॅन?" मी म्हटलं, कॅन.

आणि मग, त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे घाईघाईनं, मी तांब्या उलटा केला आणि बुडावर घातलं: तांबट. बस, एवढंच. तुमचा नियम मोडला.

काल दोघं आली. लेकीनं गळ्यावरचं नाव वाचलं, डोळे भरून आले तिचे. जावयानं सवयीनं तांब्या तिच्या हातातून घेऊन उलटा केला. आता खूण आहे हे त्यानं पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं. लेकीनं त्याच्या खांद्यावरून डोकावून एकेक अक्षर जुळवत वाचलं. "तां-ब-ट. बाबा! हे आजोबांनी घातलंय?"

जावयानं तांब्या अलगद तिच्या हातात परत दिला.

मी म्हणालो, हो.

"देन ही वॉजन्ट अशेम्ड, लाह," ती म्हणाली आणि तांब्या पोटाशी धरून बसली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील. तुम्ही का नाव बदललंत ते मला माहीत नाही, आणि आता तिला कधी विचारावंसं वाटणार नाही. एकच सांगायचं राहिलं. घाईत माझा हात हलला, बुडावरच्या तांबटमधला तां वाकडा आलाय. तो आता कायमचा तुमच्या नावावर गेला, अण्णा.